काळा दगड, पांढरा दगड : कोल्हापूरकराच्या नजरेतून केंब्रिज

वाढदिवसाला जोडून दोन-तीन दिवसांची रजा काढावी, एखाद्या जुन्या शहरात मुक्काम करावा आणि तिथली देवळे, वाडे, ग्रंथालये पायी हिंडून पाहावीत, ही रीत इंग्लंडमध्ये चांगलीच रुळलेली आहे, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही ती सहज उचलली आहे. अशा सहलीसाठी यॉर्क, बाथ, ऑक्सफर्ड, केंब्रिज ही नावे ठरलेलीच असतात. कोणत्या शहराची इमारत अधिक देखणी, हा वाद इथे घालायचा नाही. परंतु सहलीला निघालेले कुटुंब कोल्हापूरचे असेल, तर त्याने केंब्रिजच निवडावे असे म्हणायला भक्कम कारणे आहेत. या दोन शहरांचा संबंध एका राजाच्या वाढदिवसाशी, एका मानद पदवीशी, एका रुग्णालयाच्या नावाशी आणि कोल्हापुरात जन्मलेल्या काही गणितज्ञांशी निगडित असून, तो ठाऊक असलेल्या माणसाला तिथले दगड निराळे दिसतात.

राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म 26 जून 1874 रोजी कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात, कागलकर घाटगे घराण्यात झाला. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि 1894 मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी हिंदुस्थानातून जे निवडक संस्थानिक इंग्लंडला गेले त्यांत ग्वाल्हेर, जयपूर, बिकानेर यांच्याबरोबर कोल्हापूरही होते. या समारंभासाठी जो दिवस मुक्रर झाला होता तो नेमका 26 जून होता, म्हणजे ज्या दिवशी साम्राज्याचा राजा मुकुट धारण करणार होता त्याच दिवशी कोल्हापूरचा राजा वयाची अठ्ठावीस वर्षे पूर्ण करणार होता. योग जुळून आला नाही. एडवर्डच्या पोटात आंत्रपुच्छाच्या विकाराने गळू झाले, 24 जूनला त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि सजवलेले रस्ते, जमलेले पाहुणे, शिजत घातलेल्या मेजवान्या हे सारे तसेच सोडून समारंभ पुढे ढकलण्यात आला. वेस्टमिन्स्टर ॲबीत तो अखेर 9 ऑगस्टला पार पडला. लंडनच्या इतिहासात 26 जून 1902 हा न झालेल्या सोहळ्याचा दिवस म्हणून नोंदला गेला आहे.

याच दौऱ्यात केंब्रिज विद्यापीठाने शाहू छत्रपतींना एलएल. डी. ही कायद्यातील मानद पदवी दिली. मानद पदवी म्हणजे परीक्षा न घेता केवळ सन्मान म्हणून दिलेली पदवी, हे खरेच. पण केंब्रिजमध्ये हा सन्मान घरपोच मिळत नाही, त्यासाठी सिनेट हाउस नावाच्या इमारतीत जाऊन उभे राहावे लागते. विद्यापीठाचे हे सभागृह जेम्स गिब्ज या वास्तुकाराने आखले आणि ते 1722 ते 1730 या काळात उभे राहिले. ते पोर्टलंड बेटावरच्या फिकट चुनखडीचे आहे, त्याच्या दर्शनी भागात ग्रीक-रोमन धर्तीचे उंच खांब आहेत आणि खांबांवर त्रिकोणी शिखरपट्टी आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात रोमन वास्तुकलेकडे परत जाण्याची जी लाट आली तिचा हा एक नेटका, किंचित कोरडा नमुना आहे. शेजारच्या किंग्ज महाविद्यालयाच्या प्रार्थनामंदिरापुढे तो अगदीच शिस्तीचा वाटतो.

मानद पदवीच्या विधीत विद्यापीठाचा अधिकृत वक्ता प्रत्येक सन्मानित व्यक्तीविषयी लॅटिन भाषेत भाषण करतो. 1902 साली हे पद जॉन सँडिस या ग्रीक-लॅटिनच्या पंडिताकडे होते. कोल्हापुरात त्याच सुमारास वेदोक्त प्रकरण पेटलेले होते. राजघराण्यातील धार्मिक विधी वेदमंत्रांनी व्हावेत की पुराणमंत्रांनी, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा तो वाद होता. जो राजा स्वतःच्या राजधानीत संस्कृत मंत्रांच्या अधिकारासाठी झगडत होता, त्याच्या गौरवाची भाषा परदेशात लॅटिन, म्हणजे तिथल्या पंडितांनी राखून ठेवलेली भाषा असावी, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. सिनेट हाउसला दुसरीही एक बाजू आहे. 1890 मध्ये फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने गणिताच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलापेक्षा वरचे स्थान मिळवले, तरी तिला पदवी मिळाली नाही, कारण स्त्रियांना परीक्षेला बसता येत असे, पदवी घेता येत नसे. 1897 मध्ये तो नियम बदलण्याचा प्रस्ताव आला तेव्हा याच इमारतीसमोर विद्यार्थ्यांनी सायकलवर बसवलेल्या स्त्रीची प्रतिमा टांगून धुडगूस घातला आणि प्रस्ताव पडला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती 1948 मध्ये. इमारतीची भव्यता पाहताना हेही पाहिले पाहिजे, नाहीतर सहल नुसती छायाचित्रांची होते.

शाहू छत्रपती परदेशात असतानाच, 26 जुलै 1902 रोजी, करवीर संस्थानच्या राजपत्रात तो हुकूम प्रसिद्ध झाला, ज्यान्वये संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. या हुकुमाचा केंब्रिजच्या पदवीशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो आवरलेला बरा, कारण या धोरणाची मुळे कोल्हापूरच्या दफ्तरखान्यात होती. कारभार हाती घेतल्यापासून एकाच जातीची माणसे प्रत्येक मोक्याच्या जागेवर बसलेली त्यांना दिसत होती. शाहू छत्रपतींनी उभारलेल्या विद्यार्थी वसतिगृहांबाबतही हा मोह आवरावा लागतो. केंब्रिजचे महाविद्यालय ही प्रथमतः राहण्याची संस्था असते: विद्यार्थी आणि शिक्षक एका आवारात राहतात, एका दालनात जेवतात, एकाच प्रार्थनामंदिरात जमतात, आणि व्याख्याने, परीक्षा, पदव्या हा भाग विद्यापीठ सांभाळते. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात डोके टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाल्याशिवाय शाळा उघडून उपयोग नाही, हे सूत्र ज्याने आपल्या राज्यात राबवले तो राजा केंब्रिजला या रचनेत वावरला. परंतु कोल्हापुरातील व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग ही दोन्ही 1901 मध्ये, म्हणजे दौऱ्याच्या आधीच सुरू झाली होती; पुढे 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. फरक एवढाच की केंब्रिजच्या वसतिगृहांना राजेरजवाड्यांच्या जमिनी आणि पाच-सहा शतकांची मिळकत होती, तर कोल्हापूरच्या बोर्डिंगांना संस्थानची मदत आणि त्या त्या समाजाची वर्गणी यांवर चूल पेटवावी लागत असे.

केंब्रिजमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ असले तरी वेळ कमी असेल तर तो एकाच ठिकाणी खर्च करावा, आणि ते ठिकाण म्हणजे किंग्ज महाविद्यालयाचे प्रार्थनामंदिर. सहाव्या हेन्रीने 1441 मध्ये महाविद्यालय स्थापन केले आणि 1446 मध्ये या मंदिराचा पाया घातला. पुढे सिंहासनासाठी दोन घराण्यांत ‘गुलाबांची युद्धे’ म्हणून ओळखला जाणारा दीर्घ संघर्ष झाला, 1461 मध्ये हेन्री पदच्युत झाला आणि बांधकाम रखडले. त्या रखडण्याची खूण भिंतीवर आजही वाचता येते. खालचा, आधी बांधलेला भाग यॉर्कशरहून आणलेल्या पांढऱ्या चुनखडीचा आहे, तर काम पुन्हा सुरू झाल्यावर नॉर्थॅम्प्टनशरच्या खाणीतला जरा पिवळसर दगड वापरला गेला, आणि जिथे हा रंग बदलतो ती ओळ म्हणजे जणू इंग्लंडच्या यादवीची दगडात उमटलेली तारीख आहे. केंब्रिजच्या आसपास बांधकामाला योग्य असा चांगला दगड नाही, म्हणून तो जलमार्गाने दुरून आणावा लागे. जिथे पायाखालीच काळा कातळ आहे अशा कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट नवलाची वाटेल.

आत गेल्यावर नजर आपोआप वर जाते. सुमारे 88 मीटर लांब आणि 24 मीटर उंच अशा या दालनाच्या मध्ये एकही खांब नाही, आणि सारे छत दगडाचे आहे. जॉन वेस्टेल या गवंड्यांच्या प्रमुखाने ते 1512 ते 1515 या तीन वर्षांत पुरे केले. या प्रकारच्या छताला पंखाछत म्हणता येईल, कारण भिंतीलगतच्या प्रत्येक स्तंभिकेतून दगडी फासळ्या सारख्याच वळणाने चहूकडे उमलत जातात आणि समोरून आलेल्या फासळ्यांना माथ्यावर मिळतात. असे छत नुसते खाली भार देत नाही, बाजूलाही रेटते. तो रेटा पेलण्यासाठी भिंतीच्या बाहेर जाड आधारस्तंभ उभारलेले असतात, आणि त्यांनी भार घेतल्यामुळे मधली भिंत जवळजवळ सगळी काढून तिथे काच बसवता येते. मोठ्या खिडक्या सव्वीस आहेत. पश्चिमेची एक सोडली तर बाकीच्यांची रंगीत काच सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, बहुतांशी फ्लँडर्सच्या कारागिरांच्या हातची आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात ती उतरवून सुरक्षित ठेवली होती म्हणून टिकली. उन्हाळ्याच्या लांबलेल्या संध्याकाळी पश्चिमेकडून प्रकाश येतो तेव्हा हे दगडी छत दगडाचे आहे यावर विश्वास बसत नाही, आणि याच्यापुढे इंग्लंडमधील बहुतेक प्रार्थनामंदिरे जड वाटतात, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

कोल्हापूरकराने इथे खिद्रापूर आठवावे. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी असलेल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला वर वर्तुळाकार मोकळा गवाक्ष आहे, खाली बारा खांबांचे आतले वर्तुळ आहे आणि मधोमध गोल शिळा आहे. शिलाहारांच्या काळातल्या या मंडपात खरी कमान नाही. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकवत नेऊन छत मिटत आणण्याची आपल्याकडची जुनी पद्धत इथे आहे, आणि माथ्यापाशी पोहोचल्यावर शिल्पकाराने ते मिटवलेच नाही. भार सरळ खांबांतून जमिनीत जातो, बाजूला रेटा नाही, म्हणून बाहेर आधारस्तंभही नाहीत. किंग्जच्या गवंड्याने भिंत विरघळवून प्रकाश आत आणला, खिद्रापूरच्या शिल्पकाराने छतच उघडे ठेवले. दोघांपुढे प्रश्न एकच होता, दगडाखाली उजेड कसा आणायचा. साहित्य आणि गणित वेगळे होते. चुनखडी खाणीतून निघते तेव्हा मऊ असते आणि करवतीने कापता येते, तर बेसॉल्ट म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेला आपला काळा दगड छिन्नीला दाद देत नाही. इतक्या कठीण दगडात खिद्रापूरच्या किंवा अंबाबाईच्या देवळासारखे कोरीव काम करणाऱ्या पाथरवटांचे कौतुक करायला केंब्रिजला जाऊन यावे लागावे, हे जरा विचित्र आहे खरे.

निमुळत्या टोकाची कमान, उंच उतरते छप्पर आणि मनोरे यांच्या ज्या मध्ययुगीन शैलीला गॉथिक म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकात इंग्लंडने पुन्हा उचलली आणि साम्राज्याबरोबर बाहेर पाठवली. कोल्हापुरात ती आणली चार्ल्स मँट या लष्करी अभियंत्याने. भाऊसिंगजी रोडवरचा टाऊन हॉल 1872 ते 1876 मध्ये त्याच्या आराखड्यावरून बांधला गेला. त्याच्या समोरच्या बाजूला असलेले आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय, म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय किंवा सर्वांच्या तोंडी असलेले ‘सीपीआर’, हेही त्याचेच. ज्या आल्बर्ट एडवर्डचे नाव या रुग्णालयाला दिले होते तो युवराज 1875-76 मध्ये हिंदुस्थानचा दौरा करून गेला होता, आणि पुढे सातवा एडवर्ड म्हणून राज्यावर बसला तोही हाच; म्हणजे शाहू छत्रपती लंडनला ज्याच्या मुकुटधारणेसाठी गेले त्याचे नाव त्यांच्या राजधानीत रोज औषध घ्यायला येणाऱ्या गोरगरिबांच्या तोंडी होतेच. याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केले. केंब्रिज स्त्रियांना पदवी नाकारत होते त्या काळात कोल्हापूर संस्थानच्या रुग्णालयात एक मराठी स्त्री डॉक्टर होती.

मँटचे काम टाऊन हॉलवर थांबले नाही. नवा राजवाडा 1877 ते 1884 या काळात घडीव काळ्या दगडात उभा राहिला, आणि त्यात अष्टकोनी घड्याळमनोरा, राजस्थानी-गुजराती धाटणीच्या छत्र्या, जैन देवळांतल्यासारखे खांब आणि इंग्रजी दरबार हॉल असे सारे एकत्र आले. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर मात्र बायबलमधल्या कथांऐवजी शिवछत्रपतींच्या जीवनातले प्रसंग आहेत. देशी आणि युरोपीय अंगांच्या अशा मिश्रणाला इंडो-सारासेनिक शैली म्हणतात. अजमेरचे मेयो कॉलेज आणि बडोद्याचा लक्ष्मी-विलास पॅलेस हेही मँटचेच आराखडे. बडोद्याचे काम चालू असतानाच 1881 मध्ये तो वारला, आणि आपले गणित चुकले असून इमारती कोसळणार या भीतीने त्याला वेड लागले अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, इमारती उभ्या आहेत.

टाऊन हॉलची गोष्ट तर अधिकच गमतीची आहे. 1945-46 मध्ये पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले. त्या टेकडीवर सापडलेल्या वस्तूंसाठी जे संग्रहालय निघाले ते पुढे टाऊन हॉलमध्ये आले. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आहे. सातवाहन काळात रोमन व्यापाऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरून ती घाट चढून इथवर आली. सिनेट हाउसच्या खांबांत गिब्जने ज्या रोमची नक्कल केली, त्या रोमशी कोल्हापूरचा व्यवहार त्याच्या सतराशे वर्षे आधीपासून होता.

जून हा महिना केंब्रिजच्या सहलीला सोयीचा आहे, पण तारखा पाहून जावे. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांचा हंगाम असतो आणि बऱ्याच महाविद्यालयांत पाहुण्यांचा प्रवेश मर्यादित केला जातो. परीक्षा संपल्याच्या आनंदात होणाऱ्या नृत्यांच्या आणि नौकाशर्यतींच्या दिवसांना ‘मे वीक’ म्हणतात आणि तो जूनमध्ये असतो. जूनच्या अखेरीस पदवीदान होते, म्हणजे 26 तारखेच्या आसपास सिनेट हाउसच्या हिरवळीवर काळे झगे घातलेली मुले दिसण्याची शक्यता चांगली. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून जलद गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येते आणि जुन्या भागात सारे पायी होते. सुमारे 1130 मध्ये बांधलेले गोल आकाराचे चर्च, न्यूटन ज्या ट्रिनिटी महाविद्यालयात राहिला तिथला विस्तीर्ण चौक, क्रिस्टोफर रेनने आखलेले आणि 1695 मध्ये पुरे झालेले तिथले ग्रंथालय, क्वीन्स महाविद्यालयाचा लाकडी गणिती पूल हे एका दिवसात उरकते. वाड्याची सवय असलेल्या माणसाला या महाविद्यालयांचा आराखडा लगेच कळतो: रस्त्याकडे तोंड करून दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती खोल्या, मागे दुसरा चौक. हिरवळीवर चालायची परवानगी मात्र फक्त तिथल्या अध्यापकांना असते, आणि ती पाटी गंभीरपणे घ्यावी लागते.

मराठी माणसाच्या घरात केंब्रिज हे नाव पोहोचले ते मुख्यतः ‘रँग्लर’ या बिरुदामुळे. तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर आणि त्यांतल्या पहिल्याला सीनियर रँग्लर म्हणतात. 1909 पर्यंत ही नावे गुणानुक्रमे जाहीर होत आणि त्यांचे वाचन सिनेट हाउसमध्येच होई. 1899 मध्ये सेंट जॉन्स महाविद्यालयाचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले, आणि शाहू छत्रपती त्या सभागृहात आले तेव्हा या गोष्टीला अवघी तीन वर्षे झाली होती. पुढच्या पिढीत कोल्हापुरात जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर 1930 मध्ये ट्रायपॉस उत्तीर्ण होऊन बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. कोल्हापूरचेच वसंत शंकर हुजूरबाजार हेरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली केंब्रिजला संख्याशास्त्रात पीएच. डी. झाले, आणि विष्णुपंतांचे पुत्र जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूर, 19 जुलै 1938, हे 1957 मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम हाउसमध्ये दाखल झाले, सीनियर रँग्लर ठरले आणि 1963 पासून किंग्ज महाविद्यालयाचे फेलो होते. विश्वाच्या उत्पत्तीवर खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विचार करणारा हा माणूस ज्या महाविद्यालयाचा सदस्य होता, त्याच्याच अंगणात वेस्टेलचे ते दगडी छत आहे. त्यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातील चार नगरांपैकी एक केंब्रिज आहे. कोल्हापूर त्या चारांत नाही, कारण वाढ बनारसची. शाहू छत्रपतींना ज्या सभागृहात पाहुणा म्हणून सन्मान मिळाला, तिथे पन्नास-साठ वर्षांनी कोल्हापुरात जन्मलेला मुलगा परीक्षेच्या बळावर उभा राहिला, हा या साऱ्या इमारतींमधला कोल्हापूरचा खरा वाटा म्हणता येईल.

हाताशी आणखी दोन दिवस असतील तर परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला उतरावे. शाहू छत्रपतींच्या आधी युरोपला गेलेले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंड पाहून परतताना तिथे आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी वारले. त्यांची इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्टने संपादून 1872 मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. त्या जागी 1874 मध्ये, म्हणजे शाहू छत्रपतींच्या जन्मवर्षी, छत्री उभारली गेली. आतला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आहे आणि छत्रीचा आराखडा त्याच चार्ल्स मँटचा, ज्याचा टाऊन हॉल त्या वेळी कोल्हापुरात बांधला जात होता. जवळच अर्नोवर 1978 मध्ये मोठा पूल झाला, त्याला फ्लॉरेन्सने ‘पाँते आल्लिंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल असे नाव दिले आहे.